एकाच रकान्यातले दोघे

बॅक्टेरियाकडून एक प्रथिन बनवून घेत होतो, आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या सहाव्या जेलवरही तेच. पेलेटच्या (तळाशी बसलेल्या गाळाच्या) लेनमध्ये ७७ किलोडाल्टन वजनाच्या आसपास जाड निळा पट्टा, आणि सुपरनॅटंटच्या (वरच्या निवळ द्रावाच्या) लेनमध्ये बॅक्टेरियाची स्वतःची प्रथिनं तेवढी; आमच्या प्रथिनाचा पत्ता नाही. ई. कोलाय हा बॅक्टेरिया प्रथिन भरपूर बनवत होता, पण त्याची घडी नीट पडत नव्हती. गुठळ्या होऊन ते तळाशी बसत होतं.

तीन आठवडे मी सगळे करतात ते सगळं करून पाहिलं होतं. ३७ ऐवजी १८ अंशांवर रात्रभर वाढवलं, आयपीटीजी (बॅक्टेरियाला प्रथिन बनवायला लावणारं रसायन) १ मिलिमोलरवरून ०.१ वर आणलं, बफरमधलं मीठ कमीजास्त केलं. एकदा तर गुठळ्या घडी उलगडणाऱ्या ८ मोलर युरियात विरघळवल्या आणि डायलिसिसच्या पिशवीतून युरिया काढत काढत प्रथिन आपलं आपण घडी घालतं का, तेही बघितलं. अॅनफिन्सेन यांनी रायबोन्युक्लिएजवर हेच साधलं होतं, म्हणून हुरूप होता. पण ते १२४ अमिनो आम्लांचं, आमचं ७०० चं. सकाळी पिशवीत गढूळ पाणी.

"प्रथिनच हट्टी आहे," असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मार्गदर्शक मॅडमनी जेल उजेडात धरलं आणि एवढंच विचारलं, "जीन पूर्ण वाचून घेतलास ना?"

"हो, दोन्ही टोकांकडून."

"दोन्ही टोकांकडून म्हणजे पूर्ण का?"

मी मनात हिशोब केला आणि कान गरम झाले. एका वेळी डीएनएची सुमारे ८०० अक्षरं वाचता येतात. जीन २,१०० अक्षरांचा. मधली ५०० अक्षरं कुणी पाहिलीच नव्हती. त्यात जीनच्या प्रती काढताना प्रूफरीडिंग करणारं एन्झाइम संपलं होतं, म्हणून मी टॅक हे साधं एन्झाइम वापरलं होतं, आणि चुकलेलं अक्षर मागे फिरून खोडायची सोय टॅककडे नसते.

मधल्या भागासाठी प्रायमर (जिथून वाचन सुरू होतं तो डीएनएचा छोटा तुकडा) मागवला. अहवाल आला त्या दिवशी बाकी काही काम झालं नाही. १०२२ व्या जागी टी हवा होता, तिथे सी. टॅकच्या चुकांमधली ही सर्वांत ओळखीची अदलाबदल. तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल; इथे सीटीजीचं सीसीजी झालं होतं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीत ३४१ व्या ल्युसीनच्या जागी प्रोलीन.

आणि मला चक्क हायसं वाटलं! ज्युनिअर मुलांना मी स्वतः शिकवतो तो अमिनो आम्लांचा तक्ता डोळ्यांसमोर आला: अध्रुवीय (पाणी टाळणाऱ्या) गटाच्या रकान्यात ग्लायसीन, अॅलनीन, व्हॅलीन, ल्युसीन, प्रोलीन. दोघेही एकाच रकान्यातले. ल्युसीनच्या जागी अॅस्पार्टेट आलं असतं तर गोष्ट वेगळी. पाण्याला नाक मुरडणाऱ्या गाभ्यात ऋण प्रभार कोण खपवून घेणार? पण प्रोलीन? "यानं काय एवढं बिघडणार?" मी म्हणालो.

मॅडमनी त्याच कुळातल्या एका प्रथिनाची रचना पडद्यावर उघडली. ३४१ वी जागा एका लांब अल्फा हेलिक्सच्या (साखळीच्या मळसूत्री वेटोळ्याच्या) ऐन मध्यात होती. "आता मला सांग, ३३७ चा कार्बोनिल कुणाला धरून आहे?"

हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं असतात आणि प्रत्येकाचा एन-एच (साखळीच्या कण्यातला नायट्रोजन आणि त्यावरचा हायड्रोजन) चार घरं मागच्या कार्बोनिल गटातल्या (कण्यातल्या कार्बन-ऑक्सिजन जोडीतल्या) ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो. या बंधांवरच ते मळसूत्र उभं असतं. तेव्हा ३३७ ला ३४१ च्या एन-एचनं धरलेलं. आणि प्रोलीनची बाजूची साखळी वळून परत कण्यातल्या नायट्रोजनलाच जोडलेली असते. साखळीत गुंफल्यावर त्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही. धरायला हातच नाही! शिवाय ते वलय आधीच्या वेढ्याला ढोसतं, म्हणून हेलिक्सला बाक येतो.

तक्ता बाजूच्या साखळीला पाणी आवडतं की नाही, एवढंच पाहून रकाने पाडतो. प्रोलीनची खोड कण्यात आहे, ती त्या रकान्यात दिसायची कशी? ग्लायसीनची गोष्ट नेमकी उलटी: बाजूला नुसता हायड्रोजन, त्यामुळे कणा नको तितका मोकळा. हेही बिचारं त्याच रकान्यात. (प्रोलीनला खलनायक मात्र करू नये. वळणांवर ते शोभतं, हेलिक्सच्या पहिल्या वेढ्यातही खपतं, कारण तिथल्या एन-एचना मागे जोडीदार नसतोच. त्वचा-हाडांतलं कोलॅजन तर त्याच्याशिवाय उभं राहत नाही.)

मग पुढचं आपोआप उलगडलं. त्या हेलिक्सवर दर तीन-चार घरांनी ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन होते, सगळे गाभ्याकडे तोंड करून. हेलिक्स मोडल्यावर ते उघड्यावर आले, आणि पाणी टाळायला शेजारच्या रेणूतल्या तशाच उघड्या भागांना चिकटले. माझ्या गुठळ्या त्याच. तापमान उतरवून हायड्रोजन थोडाच परत येणार होता?

अक्षर दुरुस्त केलं. या खेपेला जीन टोकापासून टोकापर्यंत वाचला आणि १८ अंशांवर पुन्हा वाढवलं. पट्टा सुपरनॅटंटमध्ये आला. पेलेटमध्ये थोडं राहिलंच, पण कुरकुर करण्याइतकं नाही. शुद्ध केल्यावर सीडीच्या (प्रथिनाची घडी प्रकाशाने तपासायच्या पद्धतीच्या) आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरला हेलिक्सचे दोन खड्डे स्वच्छ दिसले.

त्याच महिन्यात टॅकनेच केलेले आणखी तीन क्लोन (जीनच्या प्रती असलेले बॅक्टेरिया) फ्रीजरमध्ये होते. तेही पूर्ण वाचून घेतले. दोन निर्दोष निघाले. तिसऱ्यात पुन्हा टीच्या जागी सी, पण सीटीटीचं सीटीसी, म्हणजे ल्युसीनचं ल्युसीनच. तो तसाच ठेवला.