पहिलं शिखर धरा, मोठं नव्हे

बेळगावात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लांब, निमुळत्या बॉडीवरचा (क्षेपणास्त्रासारख्या आकारावरचा) हवेचा प्रवाह संगणकावर सोडवायला घेतला की गाडं हमखास एका जागी अडतं. वारा आणि बॉडीचा अक्ष यांतला कोन ३०-४० अंशांवर गेला की पाठीवरचे, म्हणजे वाऱ्याआडच्या बाजूचे, भोवरे उत्तरात पुसट होतात. मेश (गणितासाठी हवेचे पाडलेले छोटे तुकडे) कितीही बारीक केली तरी ते येत नाहीत, कारण दोष टर्ब्युलन्स मॉडेलचा, म्हणजे हवेतल्या खळबळीचा अंदाज बांधणाऱ्या सूत्रांचा असतो.

बाल्डविन-लोमॅक्स (१९७८) हे मॉडेल जुनं आहे, पण रोग त्यातच स्वच्छ दिसतो. पृष्ठभागापासून बाहेर जाताना ते साधारणपणे अंतर गुणिले व्हॉर्टिसिटी (हवेचं स्थानिक गरगरणं) असं एक फंक्शन मोजतं आणि सर्वांत उंच शिखराचं अंतर बाउंड्री लेअरचं, म्हणजे पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेच्या थराचं, माप मानतं. वाऱ्यासमोरच्या बाजूला शिखर एकच, म्हणून काम भागतं. पाठीवर दोन असतात: जवळचं बाउंड्री लेअरचं, दूरचं आणि मोठं भोवऱ्याचं. मॉडेल नेमकं दूरचं उचलतं, एडी व्हिस्कॉसिटी (टर्ब्युलन्समुळे मॉडेल धरतं तो जादा चिकटपणा) कित्येक पटींनी फुगते, मुख्य भोवरा विरतो आणि दुय्यम भोवरा तर उमटतच नाही.

देगानी आणि शिफ या संशोधकांची यावरची दुरुस्ती मला फार आवडते, इतकी ती सरळ आहे. आतून बाहेर चालायचं, पहिलं शिखर ओलांडून किंमत त्याच्या ९० टक्क्यांवर उतरली की थांबायचं. त्या १० टक्क्यांमुळे बारीकसारीक चढउतार शिखर ठरत नाहीत. दोन शिखरं मिसळून मधली दरी बुजली, तर बॉडीभोवती फिरताना आधीच्या शेजारच्या रेषेवर शिखर जितक्या अंतरावर सापडलं, त्याच्या दीडपटीपलीकडे शोधायचं नाही.

स्पालार्ट-अल्मारस हे दुसरं मॉडेल वापरत असाल तर त्यातलं रोटेशन करेक्शन (गरगरत्या हवेसाठीची दुरुस्ती) चालू करा. भोवऱ्याच्या गाभ्यात हवा नुसती गरगरते, पण मूळ मॉडेल तिथेही टर्ब्युलन्स पिकवतं.

दोन्ही बाजू सारख्याच धरून अर्धी मेश घेऊन सिमेट्री लावू नका. या कोनांत भोवरे डावे-उजवे सारखे राहत नाहीत, बाजूचं बल निर्माण होतं, आणि त्याचं मूळ टोकावरच्या सूक्ष्म खोटीत असतं. प्रयोगासाठी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर नोज (बॉडीचा पुढचा टोकदार भाग) करून घेताना टोकाचा शेवटचा मिलिमीटर भिंगाखाली बघा. तिथला एक ओरखडा भोवऱ्यांची बाजू ठरवतो. नोज अक्षाभोवती ४५-४५ अंशांनी फिरवून विंड टनेलमध्ये रीडिंग घ्या, बल बदललं तर कारण टोकातच आहे.

बॉडीच्या ५० मिमी व्यासाला ३० मीटर प्रतिसेकंद वेगावर मेशचा पहिला थर साधारण ०.०१ मिमीचा हवा. पण व्यासावरचा रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकार यांचं हवेच्या चिकटपणाशी गुणोत्तर) तिथे जेमतेम १ लाख, म्हणजे टनेलमध्ये हवा लॅमिनार (खळबळ नसलेली, थराथरांची) असतानाच पृष्ठभागापासून सुटते. वाऱ्याला आडव्या सिलिंडरवर ती समोरच्या बिंदूपासून साधारण ८० अंशांवर सुटते, टर्ब्युलंट असेल तर १२० च्या आसपास. पूर्ण टर्ब्युलंट मॉडेल तिथे जुळणारच नाही. आधी नोजवर ग्रिटची (बारीक खरखरीत कणांची) पट्टी चिकटवून हवा टर्ब्युलंट करा, मग तुलना करा.