दीड फुटाखालचा पांढरा थर : मांजरसुंबा ते सौताडा

पाटोदा तालुक्यातला माळ बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक जातात ते सौताड्याच्या धबधब्यावर. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, मोबाइलवर गाणी ठणाणत असतात आणि दरीच्या कडेला वेफर्सची रिकामी पाकिटं. धबधबा सुंदर आहे, विंचरणेचं पाणी सरळ कड्यावरून खाली येतं, त्याबद्दल वाद नाही. पण बीडकडून घाट चढून मांजरसुंब्याला वर आलं की रस्त्यासाठी कापलेल्या ज्या दरडी दिसतात, त्या माझ्या लेखी धबधब्याहून सरस आहेत, कारण चुन्याने दगडासारखा जोडलेला जमिनीखालचा पांढरा थर त्यांत उघडा दिसतो.

इथवर येताना वाटेत पैठणला नाथसमाधीचं दर्शन, नाथसागरावर वारा, गेवराईत बेचव मिसळ. तो भाग एवढ्यात आटोपतो. गोदाकाठच्या दरडींत मात्र जरा थांबावं. गाळाच्या तळाशी नदीतले गोटे चुन्याने एकमेकांना असे चिकटलेत की हातोडी मारली तर गोटा फुटतो, पण जोड सुटत नाही. प्रवरेकाठी नेवाशाला अशाच घट्ट गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं सापडली. ही चिकटवणी माळावर कशी होते, ते पाटोद्याच्या वाटेवर कळतं.

रस्त्याकडेच्या दरडीत वरून खाली बघत या. वर अर्धा-पाऊण फूट तांबूस, खडे-गोट्यांची माती. त्याखाली गोटे वाढतात. यातला एक गोटा जागेवरून अलगद काढून उलटा करा. वरची बाजू स्वच्छ, काळसर. खालच्या बाजूला पांढरा खरबरीत लेप. पावसाचं पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेतं, गोट्याच्या पोटाशी थेंब लोंबतो, तिथेच सुकतो आणि चुना मागे राहतो. लेप वरच्या अंगाला दिसला, तर तो गोटा नांगराने किंवा जेसीबीने उलटलेला आहे, म्हणजे ती माती मूळ जागची नाही. जमीन विकत घेताना ही खूण फार कामाची आहे. भरावाच्या जमिनी मराठवाड्यात आता कमी राहिलेल्या नाहीत.

अजून खाली गेलं की गोट्यांच्या मधल्या फटी भरत जातात. गोटाळ जमिनीत मुळात माती कमी, पोकळ्या कमी, त्यामुळे नुसत्या मातीपेक्षा ती लवकर बुजते. एकदा बुजली की वरचं पाणी तिच्यावर तुंबतं, आडवं पसरतं, आणि सुकताना थरावर पातळ पापुद्रे चढवतं. वर्षाला २५० मिलिमीटरच्या आत पाऊस असलेल्या वाळवंटात, म्हणजे राजस्थानच्या पश्चिमेला किंवा अमेरिकेच्या ॲरिझोनात, हा थर सलग आणि जाड सापडतो. आपल्याकडे पाऊस त्याच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे तो तुटक असतो. एका शेतात आहे, बांधापलीकडे नाही. शेतकऱ्याची फसगत या तुटकपणामुळेच होते. चुन्याला मात्र तोटा नाही. खालचा काळा पाषाण झिजताना कॅल्शियम सोडतच असतो.

पाटोद्याच्या पुढे एका वस्तीवर मोसंबीसाठी खड्डे चालले होते. ६ बाय ६ मीटरवर आखणी, खड्डा १ मीटर लांब, रुंद, खोल, सगळं पुस्तकाप्रमाणे. दीड फुटावर जेसीबीचं बकेट खणखणलं. "खाली लई कडक हाय मालक, दात चालले माझे," ड्रायव्हर म्हणाला. मालक म्हणाले, "मुरूमच हाय, काढ." तो मुरूम नव्हता. मुरमाचं ढेकूळ तपकिरी-हिरवट असतं, हाताने चुरलं की पापुद्रे सुटतात. हे ढेकूळ पांढरं, राखाडी, कडा धारदार, आत गोटे गच्च रुतलेले.

मग आले खताच्या दुकानाकडून पाठवलेले सल्लागार. इस्त्रीचा शर्ट, हातात कॅन. "चुनखड आहे ना? दहा किलो गंधक आणि एकरी दोन लिटर हे सोडा ड्रिपमधून. थर विरघळून जाईल." हे ऐकून जो वैताग आला, त्यापायी हा लेख लिहितोय.

हिशेब साधा आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. तिच्यात १० टक्के चुना धरला तर ९० हजार किलो. एक किलो गंधकाचं पूर्ण आम्ल झालं तर ते सुमारे ३ किलो चुना खातं. म्हणजे ९० हजार किलोला लागलं जवळजवळ २९ टन गंधक. दहा किलोत विरघळणार ३१ किलो. आणि हा हिशेब वरच्या भुसभुशीत मातीचा. खालच्या थरात तर चुना याच्या कितीतरी पट. गंधकाचा उपयोग नाही असं नाही. ड्रिपरखाली, शेणखतात मिसळून दिलं तर तेवढ्या ओल्या वर्तुळापुरता सामू (पीएच) थोडा उतरतो, लोह-जस्त थोडं मोकळं होतं. पण थर विरघळेल हे सांगणं म्हणजे शुद्ध फसवणूक. जिप्समचंही तेच. ते चोपण जमिनीचं औषध आहे, कारण तिथे सोडियम हटवायचा असतो. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमच आधी उतू जातंय, त्यात आणखी कॅल्शियम ओतून काय होणार?

सल्लागारांच्या हातात माती परीक्षणाचा कागदही होता. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घेतात, वरचे खडे टाकून देतात. कागदावरचे आकडे त्या चाळलेल्या मातीचे. शेतात निम्मे गोटे असतील, तर कागदावरची अन्नद्रव्यं प्रत्यक्षात निम्म्या जागेतच आहेत. पाण्याचंही तसंच. दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर माती मध्यम पोताची असेल तर झाडाला मिळण्याजोगं पाणी सुमारे ५४ मिलिमीटर. त्यात ४० टक्के जागा गोट्यांनी व्यापली की उरलं ३२. उन्हाळ्यात झाडं रोज ५ मिलिमीटर ओढतात असं धरलं तर सहा दिवसांत टाकी रिकामी. भारी काळ्या जमिनीसारखं आठवड्याने पाणी देणारा माणूस इथे बाग वाळवणार, हे ठरलेलं. इथे थोडं थोडं, एक दिवसाआड.

खड्डे घेण्याआधी करायचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. एकरात तीन-चार ठिकाणी, उंच-सखल बघून, चार फूट खोल खड्डा घ्या. उन्हाकडची भिंत खुरप्याने तासून स्वच्छ करा आणि सुरी वरून खाली टोचत या. सुरी जिथे अडते तिथे खूण करा, खोली मोजा, थराची जाडी मोजा. अडलेल्या जागेचं मुठीएवढं ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी विरघळून गाळ झाला तर ती नुसती वाळलेली, घट्ट बसलेली माती आहे. सबसॉयलर, म्हणजे खोल जाणारा नांगर, मारून काम भागेल. ढेकूळ तसंच राहिलं तर त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, दहा टक्क्यांचं. फसफसून ढासळलं की चुन्याचा थर. पाण्यालाही दाद नाही आणि आम्लालाही नाही, तर तो सिलिकाने जोडलेला थर किंवा सरळ खडक. वाळवंटी मुलखात सिलिकाचाही थर सापडतो, आणि तो चुन्यापेक्षा चिवट. चष्मा आणि हातमोजे घाला, आम्लाची बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

एक सावधगिरी. मुरमात पांढरं दिसलं की सगळी चुनखड नसते. या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइट असतं, पांढरं, चकचकीत, कधी सुयांसारखं. गारगोटीही असते. दोन्ही फसफसत नाहीत आणि बागेला दोन्हींचा त्रास नाही.

आता निचरा. खड्ड्याच्या तळात पाणी ओता, ते जिरू द्या, मग पुन्हा ओता आणि पट्टी लावून बसा. चार तासांत चार इंच उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर तो खड्डा म्हणजे बिनभोकाची कुंडी. तुम्ही त्यात काळी माती आणि शेणखत भरणार, पावसाळ्यात ते पाणी धरून बसणार, मोसंबीच्या मुळ्या कुजणार, बुंध्यावर डिंक्या येणार. वाचलेलं झाड मुळ्या गोल गोल फिरवत राहणार आणि सहाव्या-सातव्या वर्षी मान टाकणार. जेसीबीच्या बकेटने किंवा ऑगरने (खड्डे पाडायच्या गिरमिटाने) ओल्यात खड्डा घेतला तर भिंती चोपून गुळगुळीत होतात, मग बाजूनेही वाट बंद. भिंती टिकावाने खरवडायलाच हव्यात.

त्या वस्तीवर काकूंनी मधेच चहा आणून दिला, मग भाकरी-ठेचा खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणाल्या. बीडच्या लॉजवर टॉवेल मागायला तीनदा फोन करावा लागतो, आणि इथे अनोळखी माणसाला पहिली भाकरी. सल्लागार जेवायला थांबले नाहीत.

थर सहा इंच ते फूटभर जाड असेल तर फोडावा. अख्खा खड्डा फोडायची गरज नाही. तळाच्या मध्यभागी पहारीने किंवा ब्रेकरने आठ ते बारा इंच रुंद भोक आरपार पाडलं तरी पाणी सुटतं. अट एवढीच की खाली फुटका, पाणी जिरवणारा मुरूम लागला पाहिजे, नाहीतर टाकीखाली आणखी एक टाकी. उताराच्या शेतात खड्डे चराने जोडून पाण्याला बाहेरची वाट द्यावी. सबसॉयलर लावायचा तर एप्रिल-मेच्या कोरड्या जमिनीत. ओल्या जमिनीत फाळ नुसता चिरत जातो, थर तडकत नाही.

फोडलेले पांढरे गोळे बांधावर न्या. ते रोटाव्हेटरखाली घालून मातीत मिसळणं सगळ्यात वाईट. दगडासारखा होता तोवर चुना निदान गप्प होता; पीठ झालं की तो जोमाने मुळांना भिडतो, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पानं आधी पिवळी पडली तर ते नत्र, लोह नव्हे. जमिनीतून नुसतं फेरस सल्फेट दिलं तर चुना ते लगेच बांधून टाकतो. अर्धा टक्का फवारणी करा, नाहीतर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्या, म्हणजे चुन्याने बांधू नये म्हणून वेढून ठेवलेलं लोह. ईडीटीए स्वस्त आहे, पण सामू साडेसहा-सातच्या वर गेला की ते टिकत नाही.

मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबी लावूच नये. लावायचीच तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं घ्या, जंबेरीपेक्षा ती अशा जमिनीत बरी तग धरतात. बालाघाटच्या, म्हणजे याच डोंगररांगेच्या, माळावर सीताफळ उगीच टिकून नाही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उथळ, गोटाळ जमीन त्याला चालते. तुंबलेलं पाणी मात्र त्यालाही चालत नाही.

मालकांनी शेवटी वरच्या अंगाचे खड्डे फोडून घ्यायचे ठरवले. तिथे थर नऊ इंचांचा होता आणि खाली मुरूम मोकळा. खालच्या अंगाला थर फुटावरच लागला, दीड फूट जाड. तिथे खड्डे बुजवायला सांगितले. त्या तुकड्यावर बाजरी-मटकीच बरी, फार तर दीड फूट उंच गादीवाफे करून सीताफळ. ड्रायव्हरला बकेटाचे दोन दात बदलावे लागले, त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर संध्याकाळपर्यंत खल चालू होता.