बेबी, विच आणि कोलोसस: मँचेस्टर ते ब्लेचली

गेली 22 वर्षं मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवते आहे. 'स्टोअर्ड प्रोग्रॅम', म्हणजे सूचनाही आकड्यांसारख्या मेमरीतच साठवायच्या ही कल्पना, पहिल्याच आठवड्यात येतो. फळ्यावर दोन चौकोन, मध्ये एक बाण, की पुढचा मुद्दा. जूनमध्ये मँचेस्टरला एका परिषदेत पेपर वाचायला जायचं ठरलं, तेव्हाच मनाशी पक्कं केलं की त्या चौकोनांमागची यंत्रं एकदा डोळ्यांनी बघून यायची. परिषदेबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. तिला जोडून काढलेले तीन दिवस मात्र जन्मभर पुरतील.

आधी कागदपत्रं. परिषदेसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या फार तर 3 महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण 3 आठवडे लागतात. खरा वेळ जातो तो आपल्याकडे, ना-हरकत पत्र आणि ड्यूटी लीव्हच्या मंजुरीत. त्यामुळे परिषदेचं निमंत्रण हातात पडलं की त्याच दिवशी अर्ज टाका, सबमिशन संपायची वाट बघू नका. खाण्याचं म्हणाल तर भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी मी नेली होती, उपयोगी पडली.

मँचेस्टरचं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम लिव्हरपूल रोडवर आहे, 1830 सालच्या रेल्वे स्टेशनाच्या आवारात. प्रवेश मोफत. तिथे 'बेबी'ची, म्हणजे साठवलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्या पहिल्या कॉम्प्युटरची, चालती प्रतिकृती आहे. मूळ यंत्राला 50 वर्षं झाली तेव्हा, 1998 मध्ये, ती उभी केली. स्वयंसेवक ती ठरावीक वेळीच चालवून दाखवतात, म्हणून वेळा आधी बघून मगच दिवस ठरवा. नुसती कपाटं बघून परत फिरलात तर काहीच हाती लागणार नाही.

21 जून 1948 ला या यंत्राने साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. टॉम किलबर्न यांचा तो प्रोग्रॅम 17 सूचनांचा. 2 चा अठरावा घात म्हणजे 2,62,144, तो आकडा सोडून त्याचा सगळ्यात मोठा विभाजक शोधायचा, तोही वरून एकेक आकडा तपासत. 1,31,072 हे उत्तर यायला 52 मिनिटं लागली. मेमरी 32 ओळींची, प्रत्येक ओळीत 32 बिट (0 किंवा 1), आणि ती साठवलेली कॅथोड रे ट्यूबच्या, म्हणजे जुन्या टीव्हीतल्यासारख्या नळीच्या काचेवर, विद्युतभाराच्या ठिपक्यांत. भार गळून जातो, म्हणून तो सतत वाचून परत लिहावा लागतो. डीरॅमच्या, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरमधल्या मेमरीच्या धड्यात आपण 'रिफ्रेश' म्हणून जे घाईघाईने उरकतो, तेच इथे हिरव्या पडद्यावर समोर दिसतं. मी अर्धा तास तिथून हलले नाही. सूचनाही फक्त सात, आणि त्यांत बेरीज नाही! आहे ती वजाबाकी आणि उलट्या चिन्हाने आकडा उचलणं. बेरीज हवी तर पहिला आकडा उलटा घ्या, त्यातून दुसरा वजा करा, उत्तर ठेवून द्या आणि तेच पुन्हा उलटं उचला. चार ओळींत बेरीज.

संध्याकाळी जमलं तर सॅकव्हिल गार्डन्सला जा. संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांचा बाकावर हातात सफरचंद घेतलेला पुतळा तिथे आहे. 1948 पासून अखेरपर्यंत ते याच शहराच्या विद्यापीठात होते. समलैंगिक म्हणून 1952 मध्ये त्यांना दोषी ठरवलं, 1954 मध्ये ते गेले. त्यांचं 'ट्युरिंग मशीन' हे कागदावरचं कल्पित यंत्र मी दरवर्षी शिकवते, त्यांच्याबद्दल वर्गात चकार शब्द काढत नव्हते. आता काढते.

ब्लेचलीला मँचेस्टरहून जाताना पिकॅडिलीहून मिल्टन कीन्स सेंट्रलची गाडी घ्या आणि तिथून लोकलने एकच स्टेशन. लंडनहून यायचं तर यूस्टनवरून धीम्या गाडीत बसा, जलद गाड्या ब्लेचलीला थांबत नाहीत. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण मग तीच गाडी पकडावी लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश जिथे फोडले ते ब्लेचली पार्क ब्लेचली स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे.

इथे बहुतेकांचा घोळ होतो, माझाही झाला. ब्लेचली पार्क आणि नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग ही शेजारी शेजारी असली तरी दोन वेगळी संग्रहालयं आहेत, तिकिटंही वेगळी. पार्कचं तिकीट वर्षभर चालतं, कॉम्प्युटिंगचं संग्रहालय मात्र आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. शिकवणाऱ्याकडे एकच दिवस असेल तर, माझ्या मते, कॉम्प्युटिंगच्या संग्रहालयातच घालवावा.

युद्धात जर्मन संदेश फोडायला वापरलेल्या कोलोसस या यंत्राची पुनर्बांधणी तिथे आहे. खोलीत शिरताच व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांची ऊब जाणवते, कागदी फीत चाकांवरून सेकंदाला 5,000 अक्षरांच्या वेगाने धावते. टपाल खात्यातले इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स यांनी ओळखलं होतं की व्हॉल्व्ह चालू-बंद केले नाहीत तर सहसा जात नाहीत. 1944 मध्ये ब्लेचलीत पहिलं यंत्र उभं राहिलं, युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडली, आणि सत्तरच्या दशकापर्यंत सगळं गुपित राहिलं. म्हणून तर इतकी वर्षं पाठ्यपुस्तकांत अमेरिकेचा एनिअ‍ॅकच पहिला कॉम्प्युटर.

पण मी सगळ्यात जास्त रमले ती 'विच'पाशी. 1951 चा हा हार्वेल इथल्या अणुसंशोधन केंद्राचा कॉम्प्युटर. 1957 मध्ये केंद्राने ते देऊन टाकायचं ठरवलं तेव्हा स्पर्धा घेतली, आणि ते मिळालं वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका टेक्निकल कॉलेजला. 1973 पर्यंत तिथे मुलं त्यावर शिकली. 2012 मध्ये ते पुन्हा चालू झालं. एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद, आणि प्रत्येक अंक नळीत चमकत पुढे सरकताना दिसतो. यंत्र चालवणाऱ्या आजोबांना मी शिक्षिका आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तुम्ही आकडे वाचा, मी थांबतो." रजिस्टरमधली, म्हणजे यंत्राने हिशेबासाठी हाताशी ठेवलेली संख्या मी तोंडाने वाचली. 22 वर्षांत पहिल्यांदाच! मी त्यांना आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर), 1960 साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरबद्दल सांगितलं. त्यांनी नाव वहीत लिहून घेतलं.

बेबीचे सिम्युलेटर नेटवर फुकट मिळतात. जुलैत वर्ग सुरू झाल्यावर दोन चौकोन न काढता मी फळ्यावर सात सूचना लिहिल्या आणि बेरीज करायला सांगितली. वीस मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या मुलीला जमलं. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, मग गुणाकार?" गुरुवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत करून आणा, म्हटलं.