फौजीच्या बीपीच्या गोळ्या: मोजायचं कुठून आणि कसं

विदर्भात माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की बोलणं लगेच मोठ्या हॉस्पिटलवर जातं. कोणतं पॅनेलवर आहे, नागपूरचा रेफरल मिळेल का, बायपासचं बिल कोण भरणार. प्रश्न खरेच आहेत. पण माणूस बायपासपर्यंत का पोचला हे शोधायचं तर दहा-पंधरा वर्षं मागे, बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांपाशी यावं लागतं. आरोग्यसेवा संशोधक नेमकं हेच करतो. असलेलं औषध रोज पोटात जातं का, आणि जात नसेल तर कुठं अडतं, ते तो पाहतो.

अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांच्या, खात्यात या कामात लोकांनी अख्खी कारकीर्द घातली. १९९४ मध्ये केनेथ कायझर तिथल्या आरोग्यसेवेचे प्रमुख झाले आणि भर खाटांवरून बाह्यरुग्ण सेवेकडे वळला. २०१० पासून तिथं ‘पॅक्ट’ पद्धत आली. डॉक्टर, नर्स, सहायक आणि कारकून अशा चौघांकडे साधारण १२०० माजी सैनिक सोपवलेले असतात. लिसा रुबेनस्टाइन यांच्यासारख्या संशोधकांची पद्धत अशी की पुरावा आणि आकडे संशोधकांनी आणायचे, पण काय बदलायचं ते दवाखान्यातल्या माणसांसोबत बसून ठरवायचं. आपण उचलावं असं मला हे सगळ्यात जास्त वाटतं, कारण याला पैसा लागत नाही.

आपल्याकडे ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, मुख्यतः पेन्शनधारक आणि त्यांच्या कुटुंबासाठी. अडचण योजनेच्या दवाखान्यापर्यंतच्या, म्हणजे पॉलिक्लिनिकपर्यंतच्या, अंतराची. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात मेळघाटचा घाटरस्ता. महिन्याच्या गोळ्यांसाठी पूर्ण दिवस मोडतो. पेरणीच्या धांदलीत तो दिवस कोण काढणार?

म्हणून पहिलं माप गोळ्यांच्या खंडाचं घ्यावं. समजा १ जूनला ३० गोळ्या दिल्या आणि माणूस परत आला १५ जुलैला. मधले दिवस ४४, गोळ्या ३०, म्हणजे ६८ टक्के दिवसच औषध हाताशी होतं. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की खंड धरतात. त्यासाठी फार्मसीची नोंद पुरते, रुग्णाला काही विचारावं लागत नाही. सहा महिन्यांच्या नोंदी काढा आणि खंड कोणत्या महिन्यात पडतो ते पाहा. ‘औषध उपलब्ध नाही’ असा शेरा असलेल्या भेटी मात्र वेगळ्या काढा. तिथं माणूस आला होता, गोळीच नव्हती. हे दोन खंड एकत्र मोजले की सगळा दोष रुग्णावर जातो.

नमुना काढताना एक चूक हमखास होते. सर्व्हिस नंबरवरून यादी केली की बायका निसटतात, कारण त्यांची नोंद नवऱ्याच्या नंबराखाली असते. लाभार्थीनिहाय यादी करा आणि त्यातून दर पाचवं किंवा दहावं नाव घ्या. ओपीडीत बसलेल्यांची यादी तर घेऊच नका. जे येतात तेच मोजले की आकडा छान दिसतो, आणि जे येत नाहीत त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप आहे.

आता बीपीच्या आकड्याचं. रजिस्टर उघडा आणि वरच्या आकड्याचा शेवटचा अंक पाहा. हातानं फुगवायच्या यंत्रावर दोन-दोनच्या घरांनी वाचलं तर शून्य साधारण पाचातून एकदा यावं. पानभर १३०/८०, १४०/९० दिसलं तर समजावं की आकडे अंदाजानं लिहिलेत. अशा रजिस्टरवर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही. आधी मोजणी सुधारा. एसटीतून उतरलेल्या माणसाला पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. तोंडात खर्रा असेल तर थुंकून अर्धा तास थांबायला सांगा, कारण तंबाखूनं बीपी चढतं. पट्टा जाड दंडाला आखूड पडला तर आकडा वाढीव येतो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा.

दुसरा गोंधळ घरच्या डब्यात सापडतो. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची गोळी मोफत मिळते आणि जवळ म्हणून फौजी तिथूनही घेतो. ती चांगलीच गोष्ट आहे. पण पॉलिक्लिनिकची गोळी टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी असेल आणि केंद्रातली नुसती अ‍ॅम्लोडिपिन, तर अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट होते. पाय सुजतात, चक्कर येते, आणि माणूस दोन्ही बंद करतो. त्यातच खरेदी बदलली की पाकिटाचा रंग आणि नाव बदलतं. यावर उपाय एकच, कार्डावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम मराठीत लिहायचं, आणि दोन्हीकडे तेच कार्ड दाखवायचं. डब्याची चौकशी घरी बाईंनाच करावी, बहुधा गोळ्या त्याच काढून देतात.

मे महिन्याचा हिशोब वेगळा ठेवावा. पारा ४५ च्या पुढे गेला की लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवरचा माणूस वावरात लवकर सुकतो, तेव्हा उन्हाळ्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्यावा. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं वापरतात. त्यानं फ्रीजइतकी थंडी मिळत नाही, पण वापरातली बाटली टिनाच्या खोलीपेक्षा पुष्कळ सुरक्षित राहते. बाटली पाण्यात बुडू द्यायची नाही आणि बर्फाला टेकवायची नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

हे सगळं एका पानावर मांडून ओआयसी (पॉलिक्लिनिकचे प्रमुख अधिकारी), डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स यांच्यासमोर ठेवा. नावं काढून टाका, नुसते क्रमांक ठेवा. छापायचा विचार असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी आकडे गोळा करण्याआधी घ्यावी लागते. बैठकीत एकच बदल निवडा. लांबच्या गावांना नियमात बसेल तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या, किंवा गोळ्या सरायच्या आठवडाभर आधी नर्सचा फोन. तीन महिन्यांनी तीच यादी, तेच माप पुन्हा घ्या, आणि जे आलेच नाहीत त्यांना ‘बीपी नियंत्रणात नाही’ याच रकान्यात धरा.