कोहेनचा खर्ज आणि मशीनचा ठेका

ठाण्याच्या नौपाड्यात तबल्याचे क्लास घेतो. त्याआधी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. २००० च्या आसपास आमच्याकडे ऱ्हिदम मशीन आलं आणि गणपतीच्या सीझनला ‘दादा, यंदा तबला नको’ असे फोन यायला लागले. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लेनर्ड कोहेन हा कॅनडाचा कवी-गायक मला एका विद्यार्थ्याने ऐकवला. ‘सर, फक्त आवाज ऐका,’ म्हणाला. अल्बम ‘टेन न्यू साँग्ज’, २००१ चा. त्याच्या आधीचा १९९२ चा. मधल्या नऊ वर्षांतली बरीचशी त्याने लॉस एंजलिसजवळ माउंट बाल्डीवरच्या झेन मठात काढली, १९९६ मध्ये रीतसर दीक्षाही घेतली. १९९९ मध्ये डोंगर उतरला आणि आला कुठे, तर आपल्या मुंबईत, अद्वैत शिकवणाऱ्या रमेश बाळसेकरांच्या पायाशी! बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले बाळसेकर. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणाऱ्यांपैकी ते एक. त्या वर्षी मी डग्गा मांडीवर घेऊन ठाणे लोकलने गिरगावात कार्यक्रमांना जात होतो.

आवाज मात्र काय सांगू! सदुसष्टाव्या वर्षीचा खर्ज. गाणं कमी, सांगणं जास्त. रात्री सगळे झोपल्यावर घरातलं वडीलधारं माणूस हळू आवाजात बोलावं, तसा.

आणि त्याच्याखाली ते मशीन.

सगळी गाणी त्याने शॅरन रॉबिन्सनबरोबर लिहिली. निर्मिती तिचीच, आणि वाद्यंही जवळपास सगळी तिनेच कीबोर्डवर केलेली, घरातल्या स्टुडिओत. नंतर खरे वादक बसवायचे, असं तिच्या डोक्यात होतं. कोहेन म्हणाला, आहे तसंच राहू दे. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. कोणाची तरी बिदागी गेली, हा विचार पहिला आला.

‘इन माय सीक्रेट लाइफ’ लावा आणि शब्द सोडून नुसता ताल ऐका. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. केरव्यातला, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यातला, पहिला ‘धा’ दुसऱ्या आवर्तनात तसाच कधी पडत नाही. पावसात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, उतरते, सुरात आणायला बाजूचे लाकडी गट्ठे ठोकावे लागतात, बोट घामाने सरकतं. मशीनमध्ये काहीच सरकत नाही.

मग २००८ चा लंडनचा कार्यक्रम ऐकला. त्याच अल्बममधल्या ‘बुगी स्ट्रीट’ला खरा ड्रमर, खरा ऑर्गन. जीव सुखावला. पण तिथे तो सभागृहाला गाऊन दाखवतो. अल्बममध्ये मला एकट्याला सांगत होता.

गेल्या रविवारी क्लास सुटल्यावर खिडक्या लावल्या, अल्बममधलं तेच गाणं लावलं आणि साथीला बसलो. तबला झाकूनच ठेवला, नुसता डग्गा घेतला, अगदी तळहाताने दाबून. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्यात त्याचा एक शब्द माझ्या घुमाऱ्याखाली गेला. गाणं मागे घेतलं, आणखी हळू वाजवलं, तरी तो शब्द दबलाच. तिसऱ्यांदा डग्ग्यावर हात नुसता ठेवून बसलो.