अक्कलकारा: फांद्या लोळू द्या

कुंडीतला अक्कलकारा आता काठावरून बाहेर लोळायला लागलाय. काठ्या लावून उभा करावा असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण मी करणार नाही. झाडाची वाढच पसरट. उंची जेमतेम 30-40 सेंटिमीटर, आणि फांदी ओल्या मातीला टेकली की पेरातून मुळं सुटतात. आज एक फांदी उचलून पाहिली. खालच्या पेराची मुळं मातीत घट्ट रुतलेली, त्याच्या पुढच्या पेरावर नुसती पांढरी टोकं डोकावत होती. पानं समोरासमोर येतात, त्यामुळे प्रत्येक पेराशी दोन नवे फुटवे तयारच असतात. आयती रोपं मिळत असताना सरळ कशाला करायचं?

नवीन मंडळींसाठी: हा ॲक्मेला ओलेरेशिया. जुन्या पुस्तकांत आणि बियांच्या पाकिटांवर अजून स्पायलँथेस नावानं सापडतो. औषधात ज्याची मुळी वापरतात तो अक्कलकारा वेगळा; कूळ सूर्यफुलाचंच, पण झाड दुसरं. बी मागवताना शास्त्रीय नाव बघूनच मागवा.

बियांबद्दल पुन्हा विचारणा झाली म्हणून सांगतो. बी बारीक, काळं, चपटं, कडेला केसांची झालर. मातीत पुरायचं नाही. वर भुरभुरून हलकं दाबायचं, कारण उगवायला उजेड लागतो. पाणी झारीनं घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. फवारा मारा किंवा ट्रेला खालून पाणी द्या. ऊब असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत उगवण दिसते. थंडीत मात्र नाद सोडा, दहिवर पडलं की मोठं झाडही काळं पडून बसतं. उष्ण हवेत तेच बहुवर्षायू.

पहिल्या कळ्या मी सगळ्या खुडल्या. जिवावर येतं, कबूल! पण शेंडा खुडल्यावर खालून जे फुटवे आले त्यामुळेच आजचा हा पसारा आहे.

आता फुलं. पाकळ्या नाहीतच, पिवळं बटण आणि मधोमध तांबूस डोळा. बारीक फुलं खालच्या कडेपासून वर उमलत जातात, तसं बटण लांबट होत शंकूसारखं दिसायला लागतं. एका बटणाचा चौथा हिस्सा चावून पाहिला. आधी गवतासारखी चव, काही क्षणांनी जिभेच्या टोकाला झिणझिण्या, मग तोंडात लाळच लाळ आणि जीभ बधिर. ही करामत स्पायलँथॉल या अल्किलअमाइड प्रकारच्या रसायनाची. पानातही असतं, पण फुलाच्या मानानं बरंच कमी. ब्राझीलच्या पारा राज्यात याला जांबू म्हणतात आणि पानं शिजवून ताकाका या गरम रश्श्यात घालतात. पाल्यासाठी लावणार असाल तर कळ्या आणखी निष्ठुरपणे खुडाव्या लागतील.

पाण्याच्या बाबतीत हे झाड नाटकी. दुपारी मान टाकतं, पाणी मिळालं की संध्याकाळी पुन्हा ताठ. मुळं वरवर पसरतात, म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी बरी. नत्र जास्त झालं तर पानंच पानं, फुलं कमी. गोगलगायी कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. जीभ बधिर करणारं झाड त्यांना कसं चालतं कोण जाणे. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच माझा उपाय.

पुढचं काम: मुळं धरलेली पेरं कापून वेगळ्या कुंडीत लावणार. दोन-तीन बटणं झाडावरच तपकिरी होऊ देणार आहे. बोटांत चुरडली की बी सुटतं, त्यात पोचटही बरंच निघतं, ते फुंकून टाकायचं. बियांपासूनची आणि फांदीपासूनची रोपं शेजारी-शेजारी ठेवून आधी कोण फुलतं ते बघायचंय. माझी पैज फांदीवर.