तुम्ही विचारलंत म्हणून : बाळंतपणाचा क्लास कुठला लावू?

सहावा महिना लागला की भाच्या, त्यांच्या मैत्रिणी, ऑफिसातल्या मुली हटकून विचारतात, "ताई, मला एपिड्यूरल वगैरे काही न घेता नॉर्मलच करायचंय. क्लास कुठला लावू? लामाझ, हिप्नोबर्थिंग की गर्भसंस्कार?" एपिड्यूरल म्हणजे कळांची वेदना कमी करायला पाठीत देतात ती भूल. माझी बाळंतपणं ती न घेता झाली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते.

मग मी उलट विचारते, बाळंतपण कुठे करणार, इथे पुण्यात की माहेरी? आणि लेबर रूममध्ये तुझ्याजवळ कोण असणार? हे ठरल्याशिवाय क्लासच्या नावाचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

ह्या पद्धती बहुतेक बाहेरच्या. फर्नांड लामाझ हे फ्रेंच डॉक्टर 1951 मध्ये सोव्हिएत रशियात गेले, तिथे बायकांना श्वासाच्या आणि अंग सैल सोडण्याच्या सरावावर बाळंत होताना त्यांनी पाहिलं आणि ते फ्रान्समध्ये आणलं. तिथून ते अमेरिकेत गेलं. ब्रॅडली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी नवऱ्यालाच बायकोचा कोच बनवलं. अमेरिकेत एपिड्यूरल घेणं ही नेहमीची गोष्ट, त्यामुळे तिकडच्या क्लासात ते घ्यायचं की नाही यावर बराच वेळ जातो. आपल्याकडे कितीतरी नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ सीझरपुरतेच बोलावतात. तिथे एपिड्यूरल नको म्हणायची वेळच येत नाही. आपल्याला ज्या औषधाबद्दल आधी बोलून ठेवायला हवं ते वेगळंच आहे, कळा वाढवायची ड्रिप.

ड्रिप वाईट नाही. गरज असेल तेव्हा ती हवीच. पण ती लागली की कळा जोरात आणि जवळजवळ येतात, बाळाचे ठोके सतत बघावे लागतात, म्हणजे पोटाला पट्टे बांधून पलंगाला खिळणं आलं. अशा वेळी बिनाऔषधाचं बाळंतपण निभावणं फार अवघड जातं. "गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलं पाहिजे" हा जुना हिशोब अजून कानावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी सांगतात की हा हिशोब सगळ्या बायकांना लागू पडत नाही, खऱ्या जोराच्या कळा साधारण पाच सेंटीमीटरनंतर धराव्यात, आणि आई-बाळ ठीक असतील तर त्याआधी घाई करू नये. जिचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलंय आणि जिला "प्रोग्रेस नाही" असं ऐकवलं जातंय, तिला हे आधी माहीत असणं लाख मोलाचं. तुमच्या क्लासात हे शिकवतात का? आणि डॉक्टरांशी न भांडता "अजून थोडं थांबता येईल का?" कसं विचारायचं, तेही शिकवतात का? माझ्या लेखी ही क्लासची पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा सोबतीची. क्लास नवऱ्याबरोबर करायचा, आणि सातव्यात ओटी भरून माहेरी जायचं. नवरा पुण्यात, कळा सुरू झाल्या कोल्हापुरात. तो पोचेपर्यंत आत आई! मग कंबर दाबायला शिकला कोण आणि दाबणार कोण? माझ्या शिक्षिकेने हे ओळखून एक सत्र व्हिडिओ कॉलवर आईसाठी ठेवलं. आईला वाटायचं, पाठीवरून हात फिरवायचा. शिक्षिकेने तिला तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या वर टेकवून, कोपर ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकायला लावलं. आई म्हणाली, "अगं, हिला लागेल!" लागत नाही. कळ कमरेत उतरते तेव्हा तेवढाच जोर हवासा वाटतो, आणि नुसता हात फिरवला तर तो झिडकारावासा वाटतो.

आत कोणाला सोडतात हेही विचारा. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक बाई सोबत ठेवायला केंद्राने 2016 मध्येच परवानगी दिली आहे. खासगीत मात्र ज्याचे त्याचे नियम. बाळंतपणभर कोणीतरी सतत जवळ असलं तर नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं आणि वेदनेवरची औषधं कमी लागतात, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. सोबतीला बाहेर बाकावर बसवणार असतील, तर दोघांनी मिळून केलेला सराव निम्मा वाया गेला.

आता सरावाचं. नुसती स्लाइड दाखवणारा क्लास नको. आमच्या शिक्षिकेने प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी दात-ओठ खाल्ले. दुसऱ्यांदा तेच, पण ओठ सैल, खांदे खाली, लांब श्वास बाहेर. बर्फ तितकाच गार, तरी धरवत होता. बर्फ म्हणजे कळ नव्हे, हे तिनेच हसत सांगितलं. पण जोराची कळ साधारण मिनिटभराची असते आणि दोन कळांमध्ये चक्क विश्रांती असते, हे तेव्हा हाताला कळलं. शेवटी-शेवटी ती विश्रांती आखडते, अंग थरथरतं, उलटी होते आणि "मला सीझर करा" असं तोंडून निघतंच. हे जी शिक्षिका लपवते तिच्याकडे जाऊ नका.

गर्भसंस्काराचं काय? खुशाल करा. श्लोक, संगीत, आहार, थोडी योगासनं, मन प्रसन्न राहतं. पण बाळावर संस्कार होतील, आईच्या कमरेचं काय? त्यात कळांचा सराव नसेल तर तो वेगळा क्लास धरा. हिप्नोबर्थिंगने, म्हणजे मन शांत करणाऱ्या सूचना ऐकत कळा सोसायच्या पद्धतीने, काही मैत्रिणींना खूप आधार दिला. मला त्या इंग्रजी ध्वनिफिती जमल्या नाहीत. कळ आली की मी "आई गं" म्हणणारी, मला "युवर बॉडी इज ओपनिंग" ऐकून हसू यायचं. तुम्हाला ज्या भाषेत झोप लागते त्या भाषेतला क्लास बघा.

"आमच्याकडच्या सगळ्यांची नॉर्मलच होते" असं सांगून फी घेणारीपासून चार हात लांब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातल्या खासगी रुग्णालयांत जवळजवळ 47 टक्के बाळंतपणं सीझरने झाली. तो आकडा एकटा क्लास बदलू शकत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे किती सीझर होतात, बसून किंवा कुशीवर कळ देऊ देतात का, बाळ बाहेर येताना सरसकट छेद देऊन टाके घालतात का. आणि चांगल्या क्लासात सीझर आणि एपिड्यूरलचंही एखादं सत्र असतं. बी.पी. वाढलं किंवा बाळ आडवं राहिलं तर बेत बदलतो, आणि ते ऐन वेळी पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

वेळेचं म्हणाल तर सातव्यात सुरू करा, नववा लागायच्या आत संपवा. एका रविवारी उरकणाऱ्यापेक्षा आठवड्याला एक तास घेणारा बरा, कारण मधल्या दिवसांत घरी सराव होतो. हॉस्पिटलचा मोफत क्लास असेल तर तोही करा. त्यात पिशवीत काय भरायचं एवढंच सांगत असले तरी चालेल, त्या निमित्ताने लेबर रूम बघायला मागता येते. चालायला जागा आहे का, बाथरूम आतच आहे का, पलंगाची डोक्याकडची बाजू वर होते का, एवढं बघून या. इन्फेक्शनचं कारण सांगून आत सोडलं नाही, तर दारातून बघू द्या म्हणा, नाहीतर सिस्टरांनाच विचारा. त्यांना सगळं माहीत असतं, आणि शांतपणे विचारलं तर सांगतातही.